माई खोली मांडते

माईला एकटीनं राहायचं आहे ही बातमी घराला पचायला महिना लागला, पण तिच्या खोलीचं सामान आणायला जायचं म्हटल्यावर सगळे एका सकाळीत तयार झाले. धाकट्यानं मित्राची पाव पोचवायची व्हॅन मागून आणली. सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही हा ताईचा, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा, जुना नियम. तो तिनं आपण होऊन मोडला. थोरल्यानं पिशवीत दोरी, पाना आणि पत्र्याची मोजपट्टी भरली. तो पाण्याचे मीटर तपासायच्या नोकरीत होता आणि मोजल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी मानत नसे. माईच्या नणंदेला, आत्याबाईंना, कुणी विचारलंच नव्हतं. त्या सगळ्यांच्या आधी व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी दारही लावून घेतलं होतं.

सूनबाई शेवटी चढली आणि मागे पावांच्या रिकाम्या क्रेटवर बसली. ती थोरल्याची बायको. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि समोर बसलेल्या माणसाला "आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" असं दिवसभर न कंटाळता विचारायची. घरात मात्र तिला गेला महिनाभर एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो काही केल्या ओठांवर येत नव्हता.

माईचं बाजारात शिवणाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश, ऑफिसचे कोट, लग्नाचे झगे, जे येईल ते ती शिवायची. उरलेलं काम संध्याकाळी घरी आणायची, म्हणून एक मशीन घरच्या हॉलमध्ये, खिडकीपाशी, सूनबाईच्या लग्नाच्याही आधीपासून ठाण मांडून बसलेलं होतं. एका संध्याकाळी झाडता झाडता सूनबाई सहज म्हणाली, "माई, मशीन आतल्या खोलीत घेतलं तर हॉल जरा मोकळा होईल का?" माईनं मशीनकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघू." पुढच्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं की दुकानावरची खोली आपण भाड्यानं घेतली आहे आणि तिथे राहायला जाणार आहोत. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "इच्छा झाली."

एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होतं? ताईनं फोनवर थोरल्याला सांगितलं, "मशीन हलवा म्हटलं की माणूसही हलतं." थोरल्याला पोटात काही ठेवता येत नसल्यामुळे ते वाक्य त्याच रात्री सूनबाईपर्यंत आलं. तेव्हापासून ती झुरत होती. माई आनंदानं गेली तर तिला वाईट वाटणार नव्हतं. पण माई आपल्यामुळे गेली का, एवढं तिला कळायला हवं होतं, आणि विचारलं तर उत्तर हो येईल अशी भीती होती. काल मशीन नव्या खोलीवर गेलं. हॉलच्या फरशीवर त्याच्या पायांच्या चार खुणा राहिल्या. सूनबाईनं तिथे एक कुंडी नेऊन ठेवली, आणि थोड्या वेळानं परत उचलली.

*

फर्निचरचं दुकान शहराबाहेर होतं आणि एखाद्या विमानतळासारखं पसरलेलं होतं. दारातच कागदाच्या मोजपट्ट्यांचा गुच्छ लटकत होता. गिऱ्हाइकांनी एकेक फाडून घ्यावी अशी सोय होती. माईनं एक घेतली, बोटांत चोळून पाहिली आणि धाकट्याच्या खिशात कोंबली.

"कागदाची पट्टी. गिऱ्हाइकानं श्वास घेतला की फाटेल."

तिची स्वतःची टेप नेहमीसारखी गळ्यात होती. लग्नकार्याला निघतानासुद्धा ती टेप काढायला विसरायची, आणि मग धाकटा म्हणायचा, माईचा दागिना बघा.

"माई, खोलीचं माप कुठे लिहिलंयस?" थोरल्यानं विचारलं.

"डोक्यात."

"मी जाऊन पत्र्याच्या पट्टीनं मोजणार होतो. तू येऊ दिलं नाहीस."

"का, माझं माप कधी चुकलंय?"

यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. माईनं शिवलेला कपडा घट्ट झाला म्हणून कधी परत आला नव्हता. घरातलं हे जवळजवळ वेदवाक्य होतं, आणि ताई तर शाळेत मुलांना त्याचा दाखला द्यायची.

जमिनीवर बाण रंगवलेले होते. त्या बाणांवरून चालायचं, म्हणजे प्रत्येक गोष्ट बघितल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, अशी त्या दुकानाची मखलाशी होती. दोन्ही बाजूंना मांडलेल्या खोल्या होत्या. पलंग, पडदे, कपाटं, टेबलावर पुस्तकं, भिंतीला घड्याळ, सगळं काही. फक्त माणूस नाही. आत्याबाई पहिल्याच खोलीत शिरल्या आणि नळ सोडायचा प्रयत्न करायला लागल्या.

"आत्याबाई, तो खोटा आहे," सूनबाई म्हणाली.

"खोटा आहे तर लावला कशाला?"

पलंगांच्या दालनात पहिली चकमक झाली. थोरल्याचं म्हणणं, घ्यायचा तर मोठा घ्यावा. मुलं राहायला येतील, कधी कुणी पाहुणा येईल.

"ती एकटी राहायला चालली आहे," धाकटा म्हणाला. "लॉज काढायला नाही."

"तू गप्प बस. तुझं लग्न व्हायचंय अजून, तुला पलंगातलं काय कळतं?" ताई म्हणाली. इथे ती थोरल्याच्या बाजूनं होती.

माई मात्र कुणाचंच ऐकत नव्हती. ती चपला काढायची, पलंगावर आडवी व्हायची, हात पोटावर ठेवायची आणि डोळे मिटायची. मग उठून पुढच्या पलंगावर. येणारे-जाणारे थबकून बघत होते आणि ताईला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शेवटी एका अरुंद, साध्या लाकडी पलंगावर माई इतका वेळ पडून राहिली की थोरला घाबरून वाकला.

"जागी आहे मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "हा घ्या."

"एवढासा?"

"आजवर मी कडेलाच झोपले. आधी बहिणींच्या कडेला, मग तुमच्या वडलांच्या, मग तुमच्या. मला एकदा मधे झोपून बघायचंय."

"मग मोठा घे की. त्यातही मधे झोपता येतं."

"मोठ्यात मधे झोपलं की दोन्ही बाजूंना कुणीतरी नाही असं वाटतं."

सूनबाईला वाटलं, हे आपल्याला कधी सुचलंच नाही. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई कशी झोपते तेही आपण पाहिलं नव्हतं.

*

खरी लढाई कपाटावरून झाली. पलंग माई स्वतःच्या कमाईतून घेणार होती, तेव्हा कपाट आपण द्यायचं असं ताई आणि थोरल्यानं आदल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि धाकट्यालाही त्यात ओढलं होतं. भेट द्यायची म्हटल्यावर ती दिसायला हवी. ताईनं तीन दारांचं, मधल्या दाराला पूर्ण आरसा असलेलं कपाट निवडलं. दुकानातल्या स्वस्त वस्तूंमध्येही ते बऱ्यापैकी ऐटबाज होतं.

"जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस," ताई म्हणाली. "तुझ्या स्वतःच्या कपड्यांना एक चांगलं कपाट नको?"

"कपडे आहेत किती माझे?"

"होतील."

"आरसा छान आहे," धाकटा केस नीट करत म्हणाला. तो कपाटाच्या बाजूनं झाला तो एवढ्यावरच.

सूनबाईनं मनातल्या मनात ती खोली उभी केली. एका भिंतीला पलंग. समोर खिडकी, खिडकीशी मशीन, कारण उजेड तिथेच. मशीनच्या बाजूला थोडी जागा. ती हळूच म्हणाली, "जरा मोठं होईल का? माईंना वावरायला मोकळी जागा लागेल."

ताईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती आरशात बघत म्हणाली, "मोकळी जागा तुला फार आवडते वहिनी, ते माहीत आहे आम्हाला."

लेकी बोले सुने लागे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ताई तेवढा वळसाही घेत नसे, तिचं नेमकं जिथे लागायचं तिथे लागायचं. थोरला किमतीची चिठ्ठी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचायला लागला. धाकट्याला एकाएकी पलीकडच्या दिव्यांत रस वाटू लागला. सूनबाईचे कान तापले. तिनं माईकडे पाहिलं. माईनं ऐकलं होतं की नव्हतं कोण जाणे. ती गळ्यातली टेप काढून कपाटाची रुंदी घेत होती, तोंडानं काहीतरी पुटपुटत, दुकानात गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेताना पुटपुटायची तसंच.

"बसतं," ती टेप गुंडाळत म्हणाली. "पलंगाच्या शेजारी अगदी बरोबर बसतं. घ्या, तुमची एवढी हौस आहे तर."

"नक्की ना?" थोरला म्हणाला. "नाहीतर मी पटकन जाऊन..."

"बसतं म्हटलं ना."

कपाट ठरलं. ताई विजयी मुद्रेनं पुढे चालू लागली, आणि सूनबाई मुद्दाम चार पावलं मागे राहिली.

*

मग टेबल आणि खुर्च्या. माईनं एक छोटं चौकोनी टेबल घेतलं, आणि खुर्च्या म्हणाली दोन.

दोन म्हटल्याबरोबर सगळ्यांचे कान टवकारले. एक खुर्ची तिची हे उघडच होतं. दुसरी कुणाची?

"बरं केलंस," ताई म्हणाली. "शाळा सुटली की मी तुझ्याकडूनच जाणार. चहा इथेच."

"तुझी शाळा दुसऱ्या टोकाला आहे," थोरला म्हणाला. "माझे मीटर त्याच गल्लीत असतात. मी रोज डोकावणार."

"तुम्ही डोकवा," धाकटा म्हणाला. "मी जेवायला येणार. जेवणाऱ्याला खुर्ची लागते, डोकावणाऱ्याला नाही."

कपाटावरून एक झालेली तिन्ही भावंडं खुर्चीवरून अशी फुटली. माईनं एकालाही हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

"सूनबाई," ती म्हणाली, "जरा बसून दाखव गं."

सूनबाई बसली. यात नवीन काही नव्हतं. तिची उंची आणि बांधा माईच्या बऱ्याच गिऱ्हाइकांसारखा, त्यामुळे अर्धवट शिवलेले कोट आणि झगे अंगात घालून ती कितीदा तरी हॉलमध्ये उभी राहिली होती. आजही तसंच असेल असं तिला वाटलं.

"पाठ टेकते?"

"टेकते."

"पाय?"

"टेकलेत."

"सरळ बस. आता सैल बस. ही गुडघ्याला रुतत नाही ना?"

"नाही माई."

"मला बघू," म्हणून ताई पुढे झाली आणि तिला उठवून स्वतः बसली. ताई आईच्या अंगलटीवर गेलेली, बुटकी. तिचे पाय जमिनीपासून वरच राहिले. "ही उंच आहे. ती पलीकडची बघ माई, ती बेतशीर आहे."

"हं," माई म्हणाली, आणि तिनं त्याच उंच खुर्च्या दोन घेतल्या.

ताईनं काही म्हणायला तोंड उघडलं तोच धाकट्यानं विचारलं, "आत्याबाई कुठे आहेत?"

आत्याबाई नव्हत्या. खुर्च्यांत नव्हत्या, दिव्यांत नव्हत्या, चहाच्या काउंटरवरही नव्हत्या. बाणांच्या उलट दिशेनं जायचं म्हणजे समोरून येणाऱ्या लोंढ्याशी मारामारी. ती सूनबाईनं केली. पलंगांच्या दालनात, सगळ्यांत महागड्या पलंगावर, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून आत्याबाई पडल्या होत्या, आणि एक जोडपं शेजारी उभं राहून त्यांच्याशी बोलत होतं.

"घ्या, घ्या," आत्याबाई सांगत होत्या. "माझी पाठ गेली दहा वर्षं धरलेली, ती सुटली. उशी मात्र घरची वापरा, यांची कडक आहे."

सूनबाईनं त्यांना उठवलं, चपला शोधून पायांत घातल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर हसली.

*

माईच्या दुकानावरची खोली एका जिन्याची, एका खिडकीची. चुना ताजा होता. मशीन खिडकीशी बसलं होतं आणि त्याच्यावर माईनं जुनं कापड पांघरलं होतं. पुठ्ठ्याची खोकी वर चढवताना धाकट्यानं विनोद करायचं बंद केलं, यावरून ती किती जड होती ते कळावं.

पलंग थोरल्यानं पटकन जोडला. कपाटानं मात्र त्याचा घाम काढला. सोबत आलेल्या कागदावर अक्षर एकही नव्हतं, नुसती चित्रं. त्यांतला गोल डोक्याचा माणूस प्रत्येक चित्रात हसत होता. थोरल्यानं एक फळी उलटी लावली, काढली, पुन्हा उलटीच लावली.

"भोकंच वाकडी पाडलीत त्यांनी," तो म्हणाला.

"अंगणही वाकडंच होतं," पलंगावर बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या.

सूनबाईनं तो गोल डोक्याचा माणूस गिऱ्हाइकाचे डोळे तपासावेत तसा बारकाईनं तपासला आणि फळी कुठल्या बाजूनं जायची ते दाखवलं. ताईनं दारं धरली. धाकट्यानं स्क्रू पिळले. शेवटी एक स्क्रू उरला, तो थोरल्यानं कुणाच्या लक्षात यायच्या आत खिशात टाकला, आणि कपाट उभं राहिलं. ते खरोखर देखणं होतं. आरशात सगळं कुटुंब एकदम दिसलं, घामेजलेलं आणि खूश.

"चला, सरकवा जागेवर," माई म्हणाली.

सरकवलं. कपाट पलंगाच्या शेजारी गेलं, आणखी गेलं, आणि थांबलं. एक कोपरा दाराच्या चौकटीवर आडवा आला. पुन्हा मागे घेतलं, पलंग भिंतीला दाबला, पुन्हा पुढे ढकललं. चार बोटं बाहेर.

"भिंत मोजा," ताई म्हणाली.

थोरल्यानं इतका वेळ पिशवीत वाट पाहत बसलेली पत्र्याची पट्टी बाहेर काढली आणि भिंतीला लावली. मग पुन्हा लावली. मग त्यानं आईकडे पाहिलं, आणि जे या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं ते बोलायचं कसं याचा विचार करत उभा राहिला.

"किती?" माईनं विचारलं.

"तू सांगितलंस त्यापेक्षा चार बोटं कमी आहे."

"शक्य नाही." तिनं गळ्यातली टेप काढली आणि स्वतः वाकून भिंत मोजली. ओठ हलले. एका टोकाशी टेप धरून ती क्षणभर तशीच राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. सूनबाई धावत पुढे गेली. तिला वाटलं माई रडते आहे. माई हसत होती.

"अरे देवा. शिवणीला सोडले मी."

"काय?"

"चार बोटं. दोन इकडून, दोन तिकडून. सवयच लागलीय रे हाताला. माणसाचं माप घेतलं की थोडं सैल धरायचं, शिवणीत जातं, श्वासाला लागतं. भिंतीचंही तसंच धरलं. भिंत काय श्वास घेते थोडीच?"

यावर धाकटा पलंगावर आडवा पडून हसला. ताईनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मुख्याध्यापिकेचा चेहरा तिला फार वेळ धरता आला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "भिंत जरा उसवून बघ ना वहिनी," आणि मग सगळेच बसले हसत.

हसून झाल्यावर प्रश्न तसाच उभा होता, आणि त्याला तीन दारं होती. कपाट मावेल अशी जागा एकच, मशीनच्या बाजूची. तिथे टेबल आणि दोन खुर्च्या मांडायच्या होत्या. कपाट तिथे ठेवलं तर टेबल कसंबसं मावत होतं, एक खुर्चीही मावत होती. दुसरी नाही.

"मग सोपं आहे," ताई म्हणाली. "एक खुर्ची परत देऊ. एकटीला दोन लागतात कशाला?"

"बरोबर," थोरला म्हणाला.

"मी उभ्यानं जेवेन," धाकटा म्हणाला.

दुकानात जिच्यावरून भांडण झालं ती खुर्ची आता कुणालाच नको होती. कपाट तिघांचं होतं. आत्याबाईही म्हणाल्या की पलंग आहे तोवर आपली काही तक्रार नाही. सूनबाईनं खुर्ची उचलली आणि दाराजवळ, परत न्यायच्या पुठ्ठ्यांपाशी नेऊन ठेवली.

"ती कुठे नेतेस?" माई म्हणाली. "कपाट जाईल परत."

क्षणभर कुणाला कळेना की आपण नीट ऐकलं का.

"अगं, कपाट?" ताई म्हणाली. "आम्ही हौसेनं दिलं. तू कपडे ठेवणार कुठे?"

"दांडी लावीन. चाळीस वर्षं लोकांचे कपडे दांडीला टांगलेत, माझे काय लाजतील? तुमची हौस मला पोचली रे. आरसा आवडला मला. पण खुर्ची राहू दे."

"एवढं काय आहे त्या खुर्चीत? आहे तरी कुणासाठी ती?"

"सूनबाईसाठी."

ताईचा चेहरा पडला. ती वाईट बाई नव्हती. आईवर तिचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाला आपलं आधीचं म्हणणं सोडवत नाही. ती म्हणाली, "माई, जिच्यामुळे तू घर सोडलंस..." आणि वाक्य तिथेच राहिलं, कारण ते आता सगळ्यांसमोर येऊन पडलं होतं.

सूनबाईला वाटलं, जिना उतरून निघून जावं. पण इतके दिवस अडवून ठेवलेलं तिनं विचारून टाकलं.

"माई, माझ्यामुळे गेलात का तुम्ही?"

"हो," माई म्हणाली. "तुझ्यामुळेच."

ती जाऊन मशीनवरचं कापड सारखं करायला लागली. हात कामात असल्याशिवाय तिला मनातलं बोलता येत नसे.

"तू म्हणालीस, मशीन आत घ्या. त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार केला. या घरात मशीनची जागा कुठली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती बदलायची झाली तर त्यावर बोलणंही होतं. माझी जागा कुठली? मी जिथे मशीन तिथे. मग म्हटलं, मशीनला खोली मिळू शकते तर मला का नाही? जन्मात कधी डोक्यात आलं नव्हतं माझ्या. या तिघांच्याही आलं नसतं. हे तिघं म्हणाले असते, राहू दे मशीन तिथेच, माईला वाईट वाटेल."

आणि ते तिघं खरोखर तसंच म्हणाले असते.

"आणि दुसरं एक. दहा वर्षं झाली तुझ्या लग्नाला. दहा वर्षं 'माई, तुम्ही म्हणाल तसं.' त्या दिवशी पहिल्यांदा घर आपलं समजून काहीतरी मागितलंस. मला बरं वाटलं. म्हटलं, आता घर हिच्यावर टाकून जायला हरकत नाही. मला वाटलं, तुला कळलं असेल."

"मला कसं कळणार?" सूनबाई म्हणाली. "तुम्ही नुसतं 'बघू' म्हणालात."

"मग बघितलंच की."

धाकटा हसला. ताई हसली नाही. ती थोडा वेळ आरशात स्वतःकडे बघत राहिली, मग पाना उचलून कपाटाचं मधलं दार सोडवायला लागली. एक बिजागरी निघाल्यावर ती मागे न वळता म्हणाली, "वहिनी, जरा धर गं हे. जड आहे." सूनबाईनं दुसऱ्या बाजूनं दार धरलं. दोघींनी मिळून ते भिंतीला टेकवून ठेवलं, आणि ते ठेवताना ताईनं तिच्या हातावर हात ठेवला तो जरा जास्तच वेळ ठेवला.

कपाटाची पुन्हा खोकी झाली. खोली एकदम मोठी दिसू लागली. टेबल खिडकीशी आलं, खुर्च्या समोरासमोर लागल्या. थोरल्यानं शेगडीवर चहा टाकला. आत्याबाई पलंगावर, तिघं भावंडं फरशीवर पाय पसरून, आणि माईनं बोलावलं म्हणून सूनबाई तिच्या समोरच्या खुर्चीवर, असा चहा झाला. तिची पाठ टेकली, पाय टेकले.

"हॉल मोकळा झाला ना आता?" माईनं विचारलं.

"फार मोकळा झालाय," सूनबाई म्हणाली, आणि आता तिला खरंच रडू आलं.

"मग तिथे माझ्यासाठी एक खुर्ची ठेव. खिडकीपाशी, मशीन होतं तिथे. रविवारी येत जाईन."

"अशीच आणते. या दोन्हींसारखी."

"अशी नको बाई, जरा बुटकी आण," माई म्हणाली.

तेव्हा सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं. माईचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते, शाळेतल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखे, आणि ती ते खुशाल हलवत होती.

"अगं, मग तुझ्यासाठी तरी बेताची घ्यायची होतीस," ताई म्हणाली. "मी तिथेच सांगत होते."

"एक उंच आणि एक बुटकी, बरी नसती दिसली," माई म्हणाली. "दोन्ही हिच्याच मापाच्या घेतल्या."